ट्राम आणि मध्यवर्ती वाहतूक केंद्र : खान्देशातल्या शहरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे किंवा भुसावळमध्ये ट्रामचा विषय निघाला की गप्पा थेट स्वप्नांवर जातात, नाहीतर 'आपल्याकडे आधी खड्डे बुजवा' या एका वाक्यात संपतात. या दोन टोकांच्या मधली माहिती इथे दिली आहे. हे कुठल्याही मंजूर प्रकल्पाचं माहितीपत्रक नाही. उदाहरणं बहुतेक जळगावची घेतली आहेत. मोजमापं आराखड्याच्या पहिल्या टप्प्याला पुरतील इतकी अचूक आहेत.

ट्राम आणि मेट्रो यांत फरक काय?

मेट्रोला खांबांवरचा किंवा जमिनीखालचा स्वतंत्र मार्ग लागतो. ट्राम रस्त्यावरच धावते, रूळ रस्त्याच्या पातळीत बसवलेले असतात आणि चालक समोर बघून गाडी हाकतो. रुळांमधलं अंतर सहसा १४३५ मिमी, वरच्या तारेत ७५० व्होल्ट डीसी वीज. सुमारे ३० मीटर लांबीच्या आणि २.४ किंवा २.६५ मीटर रुंदीच्या गाडीत उभे-बसलेले मिळून २०० माणसं मावतात. गाडीची पायरी जमिनीपासून ३०० ते ३५० मिमीवर असल्याने थांबाही फूटपाथपेक्षा थोडाच उंच लागतो. जिना नाही, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक अभियंत्याच्या आधी कळतो.

महाराष्ट्रात ट्राम होती ना? मग बंद का झाली?

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची गाडी धावली. आपल्या शेजारच्या नाशिकमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गाव आणि रेल्वे स्थानक यांच्यामध्ये ट्राम होती. कोलकात्यात १८७३ पासूनची ट्राम अजून नावाला टिकून आहे.

गाड्या जुन्या झाल्या, हे सांगितलं जाणारं कारण अर्धंच खरं आहे. ट्रामचे रूळ इतर वाहनांच्या गर्दीत सोडले की ट्राम त्या गर्दीच्याच वेगाने चालते, आणि तिला तर बाजूनेही निघता येत नाही. रुळावर कोणी मोटार लावून पान खायला गेला तरी मागच्या सगळ्या गाड्या थांबतात. म्हणून नव्या आराखड्यात पहिली अट एकच असते : रुळांची जागा फक्त ट्रामची.

जळगावएवढ्या शहराला ट्राम परवडेल का?

२०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४,६०,२२८ आणि धुळ्याची ३,७५,५५९ होती. पण ट्रामचा निर्णय लोकसंख्येवर होत नाही. एका रस्त्यावर, गर्दीच्या तासाला, एकाच दिशेने किती माणसं जातात, यावर होतो.

हिशेब सोपा आहे. १२ मीटरच्या शहर बसमध्ये गर्दीत ६५ माणसं धरा. दर पाच मिनिटांनी बस सोडली तर तासाला १२ फेऱ्या, म्हणजे ७८० प्रवासी. दर दोन मिनिटांनी सोडली तर १,९५०. त्यापुढे बस एकमेकींच्या मागे चिकटतात, थांब्यावर तीन-तीन उभ्या राहतात आणि वेळापत्रक कागदावर उरतं. ट्राम दर दहा मिनिटांनी सोडली तर १,२००, दर पाच मिनिटांनी २,४००, दर तीन मिनिटांनी ४,०००. तेव्हा एका दिशेचा आकडा दोन-अडीच हजारांच्या वर जात असेल किंवा दहा वर्षांत जाईल असं दिसत असेल, तरच रुळांवर खर्च करण्यात अर्थ आहे. त्याखाली चांगली बससेवा तेच काम फार कमी पैशांत करते.

आमचं मत स्पष्ट आहे : आज खान्देशातल्या एकाही शहराने थेट रूळ टाकू नयेत. मार्गाची जागा राखावी, त्यावर आधी बस चालवावी आणि वाहतूक केंद्र नीट बांधावं. बस भरून वाहू लागली की त्याच जागेत रूळ टाकता येतात. उलट क्रम लावला तर रिकाम्या ट्रामचा तोटा महापालिका पुढची तीस वर्षं भरत बसते.

प्रवाशांची मोजणी कशी आणि कधी करायची?

चौकात सकाळी सहा ते रात्री दहा अशी सोळा तासांची मोजणी, पंधरा-पंधरा मिनिटांचे तक्ते करून. वाहनं मोजून भागत नाही, माणसं मोजावी लागतात. शेअर रिक्षात चालकाशेजारी दोन, मागे चार आणि एखादं पोर मांडीवर असतं. तक्त्यात 'रिक्षा : ३ प्रवासी' असं आधीच छापून ठेवलं असेल तर सगळा अहवाल चुकतो, आणि हे वरचेवर घडतं.

मे महिन्यात मोजू नका, कॉलेजं बंद असतात आणि दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात. लग्नसराईची दाट तिथ आणि दिवाळीचा आठवडा टाळा, तेव्हा सराफ बाजाराकडे येणारी गर्दी नेहमीची नसते. जुलै-ऑगस्ट किंवा जानेवारी-फेब्रुवारीतले मंगळवार ते गुरुवार सर्वांत चांगले. शिवाय एक वेगळी मोजणी बसस्थानकावर करायची : एसटीतून उतरलेला माणूस पुढे चालत जातो, रिक्षा करतो की त्याला कोणी दुचाकीवर घ्यायला येतं. केंद्राचा अर्धा आराखडा या उत्तरातून निघतो.

मार्ग कुठून न्यायचा? रस्ता किती रुंद हवा?

दोन रुळांच्या सरळ पट्ट्याला ७ मीटर लागतात. दोन्ही बाजूंना वाहनांची साडेतीन मीटरची एकेक लेन म्हणजे आणखी ७, दोन फूटपाथ प्रत्येकी २ मीटरचे म्हणजे ४. झाले १८ मीटर. थांबा आला की दोन बाजूंना ३-३ मीटरचे फलाट धरा आणि २४ मीटरवर या. ही रुंदी विकास आराखड्यातली नव्हे, जागेवर फीत धरून मोजलेली हवी. नकाशात २४ मीटर असलेला रस्ता ओटे, पायऱ्या, रोहित्रं आणि टपऱ्या वगळून किती उरतो, ते प्रत्येक ५० मीटरला लिहून काढायचं.

जळगावमध्ये रेल्वे स्थानक, नेहरू चौक, टॉवर चौक, नवीन बसस्थानक, आकाशवाणी चौक आणि तिथून कॉलेजांकडे किंवा एमआयडीसीकडे हा स्वाभाविक मार्ग आहे. यातला आकाशवाणी चौक ते अजिंठा चौक हा शहरातला महामार्गाचा पट्टा रुंद आहे. पाळधी–तरसोद वळणरस्त्यावर जड वाहतूक वळली की या पट्ट्यावरच्या जागेचा फेरविचार करता येतो. अडचण बाजारपेठेत आहे. तिथे दोन रूळ बसत नाहीत. पर्याय दोनच. एकतर तो तुकडा फक्त ट्राम आणि पादचाऱ्यांसाठी ठेवायचा, किंवा जाताना एका रस्त्याने आणि येताना शेजारच्या रस्त्याने असा एकेरी फेरा करायचा. दुसऱ्या पर्यायाला धुळ्याची जुनी वस्ती फार सोयीची आहे, कारण तिथल्या क्रमांकाच्या गल्ल्या सरळ आणि समांतर आखलेल्या आहेत. जळगावच्या जुन्या गावात तसं नाही. वळणाला किमान २५ मीटर त्रिज्या लागते आणि कोपऱ्यावरची एक इमारत सगळा मार्ग अडवू शकते.

रेल्वेमार्ग ओलांडायचा तर पुलावरूनच. ट्राम आणि रेल्वे एकाच पातळीवर एकमेकींना छेदत नाहीत, कारण एकीकडे ७५० व्होल्ट डीसी, दुसरीकडे २५,००० व्होल्ट एसी. शिवाजीनगर किंवा पिंप्राळ्याच्या उड्डाणपुलाचा चढ ट्रामला जड नाही, ती ६ टक्क्यांपर्यंत आरामात चढते. पण रुळांच्या काँक्रीटचं कायमचं वजन पुलाच्या मूळ गणितात नसतं, म्हणून पुलाची ताकद नव्याने तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आपल्या काळ्या मातीत रूळ टिकतील का?

हा आम्हाला आलेल्या प्रश्नांपैकी सर्वांत नेमका प्रश्न. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. डांबरी रस्ता थोडा लवतो आणि चालून जातो. ट्रामचा रूळ मात्र काही मिलिमीटर वर-खाली झाला तरी गाडी हादरते आणि वेल्डिंगला तडे जातात.

म्हणून मार्गावर दर २०० मीटरला तीन मीटर खोल चाचणी खड्डा घ्यायचा आणि मातीचा मुक्त फुगवटा निर्देशांक, म्हणजे पाण्यात ती किती टक्के फुगते ते, काढायचा. तो ५० टक्क्यांच्या वर गेला तर काँक्रीटखालची माती ६०० मिमी ते १ मीटरपर्यंत काढून टाकायची. तिच्या जागी न फुगणारा मुरूम २०० मिमीच्या थरांत दाबून भरायचा. मुरूम आणि उरलेली काळी माती यांच्यामध्ये जाड भू-वस्त्र (माती अडवणारं कापड) अंथरायचं, नाहीतर दोन पावसाळ्यांत माती मुरमात चढते. त्यावर पातळ काँक्रीटचा थर, मग २०० ते ३०० मिमी जाडीची सळईची लादी आणि तिच्यात रबरी वेष्टणात बसवलेले खाचेचे रूळ. रबर दोन कामं करतं. हादरे शोषतं आणि रुळातून परतणारी वीज जमिनीत जाऊ देत नाही. ही वीज बाहेर पळाली तर शेजारच्या लोखंडी जलवाहिन्या गंजवते, आणि गळती लागल्यावर कोणालाच कारण समजत नाही.

आता खरी कमकुवत जागा. ती रुळाखाली नसते, कडेला असते. काँक्रीटची लादी संपते आणि डांबर सुरू होतं त्या सांध्यातून पाणी खाली मुरतं, काळी माती फुगते, लादीची कड उचलली जाते. या सांध्यात लवचीक भरणी आणि त्याला समांतर गटार हवं. निविदेत ही बाब किरकोळ कामांत ढकललेली दिसली तर तिथेच हरकत घ्या.

४५ अंशांच्या उन्हात रूळ वाकणार नाहीत?

एक किलोमीटर सुटा रूळ ४० अंशांनी तापला तर तो सुमारे ४६ सेंटीमीटर वाढू पाहतो. खडीवरच्या रुळाला बाजूने आधार कमी, म्हणून तो वाकू शकतो. रस्त्यात गाडलेला रूळ दोन्ही बाजूंनी काँक्रीटने आवळलेला असतो आणि त्याचा फक्त माथा उन्हात असतो, त्यामुळे ही भीती बरीच कमी. काळजी घ्यायची ती बांधताना. जानेवारीच्या पहाटे रूळ जोडून लगेच जखडू नयेत, स्थानिक तापमानाच्या मधल्या पट्ट्यात जखडावेत. एप्रिल-मेमध्ये ओतलेल्या लादीवर गोणपाट ओलं ठेवलं नाही तर पहिल्याच दिवशी केसासारख्या भेगा पडतात.

उन्हाचा मोठा फटका बसतो तो थांब्यावर उभ्या माणसाला. काचेचे चकचकीत थांबे आपल्या हवेत भट्टी होतात. पश्चिमेकडून बंद भिंत, दुहेरी छत, कडुनिंबाची सावली आणि पाणपोई, एवढं पुरे.

मिरवणुका आणि रथ यांचं काय?

जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीराम रथ निघतो. चाकाला मोगरी (लाकडी ठोकळा) लावून रथाची दिशा आणि वेग सांभाळणारी माणसं वर्षानुवर्षांच्या सरावाने तो अरुंद रस्त्यांतून नेतात. ट्रामची तार जमिनीपासून साडेपाच ते सहा मीटरवर असते. तेव्हा पहिलं काम म्हणजे रथाची कळसासकट उंची मोजणं आणि त्याचा मार्ग ट्रामच्या नकाशावर उमटवणं.

जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे तार नकोच. तेवढा तुकडा गाडी बॅटरीवर पार करते आणि पुढच्या थांब्यावर तार पुन्हा पकडते. बॅटरीला थंड ठेवणारी यंत्रणा मात्र आपल्या तापमानाला पुरेल अशी मागवावी लागते. रथाची रुंद लाकडी चाकं रुळाच्या चाळीसेक मिलिमीटरच्या खाचेत अडकत नाहीत. लोखंडी धावेची बैलगाडी मात्र तिरकी आली तर अडकू शकते. बाजार समितीकडे जाणारा रस्ता रुळांना काटकोनात छेदेल असाच आखावा. कुट्टी किंवा कापूस डोईजड भरलेल्या ट्रकसाठी रेल्वे फाटकावर असते तशी उंचीची कमान लागेल.

दुचाकी घसरतील का?

स्कूटरचं चाक खाचेपेक्षा रुंद असतं, ते आत जात नाही. पण पहिल्या पावसात ओला रूळ साबणासारखा होतो. सायकलचं चाक मात्र आत जातं. उपाय एकच, रूळ शक्य तितका काटकोनात ओलांडायचा, आणि रस्ताच तसा आखायचा. खाचेत माती साचते, म्हणून झाडणारी गाडी आठवड्यातून दोनदा आणि पावसाळ्यात रोज फिरवावी लागते.

आठ किलोमीटरच्या मार्गाला किती गाड्या लागतील?

सरासरी ताशी १६ किमी वेग धरला तर एका बाजूला ३० मिनिटं. जाऊन-येऊन ६०, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं थांबा, म्हणजे ७० मिनिटांचा फेरा. दर दहा मिनिटांनी एक गाडी हवी तर ७ गाड्या, दुरुस्तीसाठी आणखी २. आता चौकाचौकात सिग्नलला अडकून वेग १२ वर आला असं समजा. फेरा ९० मिनिटांचा होतो आणि गाड्या ९ अधिक २ लागतात. दोन गाड्या वाढल्या, प्रवासी एकही वाढला नाही. सिग्नलला ट्राम येताना दिसली की हिरवा दिवा पाच-दहा सेकंद लांबवणारी यंत्रणा या दोन गाड्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. कारशेडसाठी दोन ते अडीच हेक्टर जागा मार्गाच्या टोकाजवळ राखावी लागेल.

मध्यवर्ती वाहतूक केंद्र म्हणजे नवं बसस्थानकच ना?

नाही. रेल्वे, एसटी, शहर बस, रिक्षा आणि उद्याची ट्राम यांच्यात माणूस जिथे वाहन बदलतो ती जागा म्हणजे केंद्र. वर चार मजली दुकानं आणि खाली अंधारातले फलाट, याला केंद्र म्हणत नाहीत. जळगावला रेल्वे स्थानक आणि बसस्थानक वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. एकच मोठी इमारत बांधून ती जोडली जाणार नाहीत. त्यांच्यामध्ये सलग सावलीचा फूटपाथ आणि दर पाच-सात मिनिटांनी गाडी हवी.

फलाटांची संख्या अशी काढतात. शहर बस चार मिनिटं उभी राहते, निघायला-लागायला एक मिनिट, म्हणजे एका फलाटावर तासाला बारा बस. प्रत्यक्षात त्यातल्या आठच धरायच्या, कारण बस घड्याळ बघून येत नाहीत. एसटी पंधरा-वीस मिनिटं उभी राहते, तिला एका फलाटावर तासाला दोन ते तीनच. मुक्कामी गाड्या रात्रभर थांबतात, त्यांना फलाट द्यायचाच नाही, मागे वेगळी जागा द्यायची.

एसटीच्या स्थानकांत गाडी तोंडाने फलाटाला लागते आणि निघताना मागे घ्यावी लागते. वाहक मागे उभा राहून शिट्टी वाजवतो, पत्र्यावर थाप मारतो, आणि तेवढ्यात एक आजी गाठोडं घेऊन मधूनच निघते. या मागे घेण्याच्या जागेतून ट्रामचा रूळ किंवा पादचाऱ्यांची मुख्य वाट कधीही काढू नये. शहर बससाठी करवतीच्या दात्यांसारखे तिरके फलाट करावेत, त्यातून बस पुढेच निघते. १२ मीटरच्या बसला बाहेरच्या चाकाची सुमारे साडेबारा मीटर त्रिज्या लागते. नकाशावर फक्त बसची लांबी पाहून फलाट आखले तर उद्घाटनानंतर महिनाभरात कोपऱ्यातले कठडे वाकलेले दिसतात.

रिक्षावाल्यांचं पोट जाईल, त्याचं काय?

त्यांना बाहेर ठेवलं तर ते दारातच उभे राहणार, आणि दोष त्यांचा नसेल. केंद्राच्या आतच शेअर रिक्षांच्या दिशावार रांगा आखा, प्रत्येक दिशेला पाच-सहा रिक्षांची जागा, बाकीच्या मागे प्रतीक्षेत. ट्रामच्या मार्गावर लांब धावण्याऐवजी थांब्यापासून वस्तीपर्यंतच्या छोट्या फेऱ्या त्यांना मिळतात. हे परमिट आणि दरपत्रकातून ठरवावं लागतं. नुसत्या बैठकीत ठरलेलं आठवडाभर टिकतं.

ट्राम भुसावळपर्यंत नेता येईल का?

नको. सुमारे २५ किलोमीटरला ट्रामला दीड तास लागेल आणि शेजारून रेल्वे जाते. तिथे गर्दीच्या वेळी छोट्या अंतराच्या जादा रेल्वेगाड्या मागाव्यात.

पैसा आणि परवानगी कुठून?

२०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणानुसार केंद्राची मदत हवी असेल तर आधी सर्वंकष वाहतूक आराखडा आणि पर्यायांची तुलना करावी लागते, आणि प्रकल्पाचा आर्थिक-सामाजिक परतावा किमान १४ टक्के दाखवावा लागतो. ट्रामच्या जवळची 'मेट्रोलाइट' ही श्रेणी केंद्राने २०१९ मध्ये आणली. बससाठी वाट सोपी आहे : ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवेत २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाखांवरची शहरं बसतात, म्हणजे जळगाव आणि धुळे दोन्ही. कागदावरच्या तरतुदीने हुरळून जाऊ नये. नाशिकच्या मेट्रो निओला २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले होते, तिथे अजून टायरवरची मेट्रोही धावलेली नाही.

उत्पन्नाच्या हिशेबात एक चूक नेहमी होते. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. महापालिकेच्या सेवेला ही सवलत आपोआप लागू होत नाही. पूर्ण भाडं धरून प्रवासीसंख्या काढली आणि नंतर लोकांनी सवलत मागितली, की पहिल्या वर्षीच तूट.

काम चालू असताना दुकानदारांनी काय करायचं?

संपूर्ण रस्ता एकदम खोदू देऊ नका. १५० ते २०० मीटरचा तुकडा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही, ही अट करारात हवी. आधी जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि केबल रुळांच्या पट्ट्यातून बाजूला हलवायच्या. हेच काम सर्वांत जास्त रखडतं, कारण जुन्या नळांचे नकाशे आणि जमिनीतली परिस्थिती जुळत नाही. रूळ पडल्यावर गळती दुरुस्त करायची म्हणजे ट्राम बंद ठेवून लादी फोडायची. दुकानापर्यंत किमान दीड मीटरची चालण्याजोगी वाट रोज हवी. दसरा ते दिवाळी खोदकाम बंद. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात, त्याआधी उद्घाटनाची तारीख गाठण्यासाठी वाहनं सोडली तर ती लादी पुन्हा फोडावी लागते.

सामान्य नागरिकाने हरकत कुठे आणि कशी घ्यायची?

विकास आराखड्यातल्या रस्त्यात किंवा आरक्षणात फेरबदल असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहिलं तर सुनावणीत दोन मिनिटांत निकाल लागतो. सर्व्हे क्रमांक, चौकापासूनचं अंतर, जागेवर मोजलेली रुंदी आणि नकाशातली रुंदी लिहा, फीत धरलेला फोटो जोडा. अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.